रिना नावाचं नेटवर्क

१

दोन हजार आठ साली सिंदेवाहीत लाइट दुपारी बारा ते चार जायची. बाकी कशाचा भरवसा नव्हता, ना बसचा ना नळाचा, पण बारा वाजले की लाइट जाणार म्हणजे जाणार. आई तर भिंतीवरचं घड्याळ लाइटीवर लावायची.

मी इथल्या भात संशोधन केंद्रात सहायक आहे. धानाच्या वाणांची माहिती कॉम्प्युटरवर चढवायची हे माझं काम, म्हणून अख्ख्या गल्लीत मी कॉम्प्युटरवाला. कोणाचा रेडिओ बिघडला तरी माझ्याकडे आणतात. घर गल्लीच्या अगदी शेवटी. मागचं दार उघडलं की वांगी-मिरच्यांची परसबाग, मग तलावाची पाळ, तलावापलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आणि बांध्या संपल्या की जंगल. घरात आम्ही तिघं: मी, माझी बायको रिना आणि माझी आई गिरजाबाई.

रिना एम.ए.चा प्रबंध लिहीत होती. टेलिफोनची तार समोरच्या खोलीत, आणि समोरच्या खोलीत आईचा टीव्ही. सासूच्या मालिका ऐकत प्रबंध कसा लिहायचा, हा रिनाचा प्रश्न रास्त होता. म्हणून मी वायफायचा मोडेम घेतला. तो समोर राहील, रिना लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसेल. आमच्या गल्लीतलं ते पहिलं वायफाय, कदाचित गावातलंही. मोडेम लावताना स्क्रीनवर नेटवर्कचं नाव विचारलं. लोक बायकोच्या नावानं प्लॉट घेतात, मी हवेतच तिचं नाव लावून टाकलं. इंग्रजीत चार अक्षरं: रिना.

तिनं यादीत स्वतःचं नाव पाहिलं आणि लाजली. लगेच सावरून म्हणाली, "एवढ्यातच भागवलं का जी तुमी?" मी खूश झालो होतो, उगाच खोटं कशाला बोलू.

दसऱ्यापर्यंत सगळं झक्क चाललं. मग एका सकाळी रिनाची हाक आली, "अहो, नेट दिसून नाई राह्यलं." जाऊन पाहिलं तर यादी कोरी. आसपास कुठलंही नेटवर्क आढळलं नाही, असं लॅपटॉप म्हणत होता, आणि मोडेम भिंतीपलीकडे दिवे लुकलुकवत बसलेला.

२

जे जे करतात ते सगळं केलं. लॅपटॉपच्या कडेचं वायफायचं बटण खालीवर केलं. मोडेम बंद करून चालू केला. ड्रायव्हर काढला, पुन्हा टाकला. लॅपटॉप मोडेमला चिकटवून ठेवला, नाकाला नाक लावून. यादी कोरीच. मोडेममधून वायर आणून लॅपटॉपला जोडली तर इंटरनेट धोधो चालत होतं. म्हणजे तारेत दोष नव्हता, हवेत होता. माझं डोकं तापलं. मला न समजणारे बिघाड आवडत नाहीत. मी आईवर ओरडलो की टीव्हीमुळं होतंय. आईनं टीव्ही बंद केला आणि जेवायचं ताटही जरा जोरात आपटलं.

घुग्घुसला माझा मित्र सुरेंद्र कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याला फोन लावला. मागून ट्रकचे हॉर्न, आणि त्यावर चढवलेला त्याचा आवाज.

"हे पाय प्रफुल, तो डबा काय करते? दिवसभर आपलंच नाव घेऊन बोंबलत राह्यते. लॅपटॉप ते आयकते अन् यादीत दाखवते. बस, एवढंच हाये. आता एक त तुह्या लॅपटॉपचा कान गेला, नाई त डब्याचा घसा गेला."

"मग कोणाचं काय गेलं, ते कसं समजायचं?"

"घेऊन ये दोन्ही."

रविवारी दोन्ही घेऊन घुग्घुसला गेलो. दुकानात लॅपटॉप उघडला तर सुरेंद्रचं नेटवर्क क्षणात दिसलं. मोडेम लावला तर त्याच्या लॅपटॉपवर 'रिना' ठणठणीत, पाचही हिरव्या रेघा उभ्या. "कान बी चांगला, घसा बी चांगला," सुरेंद्र म्हणाला. "तुह्या घराचीच हवा खराब दिसते."

तो हसला, मीही हसलो. घरी येऊन तेच सगळं जोडलं आणि यादी पुन्हा कोरी.

३

लाइट गेली की घर कसं होतं, हे शहरातल्या माणसाला सांगून कळायचं नाही. फ्रिज एक हिसका देऊन गप्प होतो. पंखा दमून दमून थांबतो. टीव्हीतली बाई अर्ध्या वाक्यात तुटते. त्या आवाजांखाली इतका वेळ दबलेलं जे असतं, ते मग ऐकू यायला लागतं. आमच्याकडे ते तलावाचं पाणी होतं, पाळीच्या दगडांना लागणारं.

मंगळवारी जेवायला घरी आलो होतो. लॅपटॉप उघडाच होता, बॅटरीवर. बारा वाजले, फ्रिज गप्प झाला, आणि यादीत एक ओळ आली.

रिना. एकच रेघ.

मी मोडेमकडे गेलो. एकही दिवा नाही. हात लावला, अंगात थोडी ऊब होती, पण ती सकाळची. मागचा प्लग काढला. टेलिफोनची तारही उपटली. परत येऊन पाहिलं. रिना, एकच रेघ.

मी तर्कानं चालणारा माणूस आहे. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेलं आमचं घर. अंगात येणं, उतारा, बाहेरचं, यातलं काही उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. मी मनाशी म्हटलं, लॅपटॉपला जुनं नाव आठवतंय. ताजी यादी मागवायचं बटण दाबलं. यादी पुसली गेली, पुन्हा आली, नाव तिथंच. मग वाटलं, कोणीतरी गंमत करतंय. पण गल्लीत लॅपटॉप होता कोणाकडे? मग आणखी एक गोष्ट दिसली. आमच्या नेटवर्कला मी पासवर्ड घातला होता, त्याच्यापुढे कुलपाचं चित्र असायचं. इथं कुलूप नव्हतं. कोणीही यावं असं ते उघडं होतं.

मी लॅपटॉप घेऊन मागच्या दारात उभा राहिलो. दोन रेघा झाल्या. वांग्यांच्या ओळीपर्यंत गेलो. तीन. म्हणजे जे काही होतं ते तलावाच्या अंगाला होतं.

तिथंच उभ्या उभ्या मी त्या नावावर क्लिक केलं. जोडून पाहावं, म्हणजे काय ते समजेल.

स्वयंपाकघरातून रिना म्हणाली, "ओ!"

मी दचकून वळलो. ती कणकेच्या हातांनी दारात आली. "काय जी?"

"काही नाही. मी कुठं बोलावलं?"

"आत्ता हाक मारली ना." आणि ती आत गेली.

स्क्रीनवर 'जोडले जात आहे' असं येऊन गेलं होतं आणि पुढं काहीच नाही. मी पुन्हा क्लिक केलं. का केलं, ते मला सांगता येत नाही. करू नये असं स्पष्ट वाटत होतं.

"ओ! आली, आली! काऊन बोंबलता जी सारखे?"

मी लॅपटॉप बंद केला. तिला म्हणालो, मिरच्या तोडू का विचारत होतो. ती म्हणाली, तोडा.

४

दुसऱ्या दिवसापासून मी काही क्लिक केलं नाही, आणि तरी ती ओ देत राहिली. फक्त लाइट नसताना. भाकरी थापता थापता हात थांबायचा, मान मागच्या दाराकडे वळायची, "ओ" म्हणायची आणि उठायची. मी समोर बसलेलो असायचो. माझ्याकडे पाहून गोंधळायची. एकदा दार उघडून परसात गेली आणि वांग्यांच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. मी हात धरून आणली तेव्हा म्हणाली, "तुमचाच आवाज होता."

मला भीती वाटली. बायकोचं डोकं फिरतंय याची, आणि फिरत नसेल याची त्याहून जास्त.

आईनं हे सगळं पाहिलंच होतं. तिनं मला विचारलं, "प्रफुल, ते मशीन लावल्यापासून हे चालू झालं. काय केलं तू?"

मी सांगितलं. मोडेम, हवा, यादी, आणि यादीतलं नाव.

आईनं मागच्या दारातून जंगलाकडे पाहिलं. तिचं माहेर जंगलातलं, मोहफुलं वेचत वाढलेली बाई. मग ती चिडली, आणि ती खरी चिडली की तिचा आवाज खाली जातो. "म्हणजे तू रात्रंदिवस जंगलाकडं तोंड करून तिचं नाव घेऊन हाका मारून राह्यला? एवढा शिकलेला माणूस! अरे जंगलात माणसाले नावानं हाक मारतेत का कधी?"

"मग कशी मारतात?"

"कू करतेत नुसतं. आमी मोहाले जाओ त चुकल्या बाईले शोधाले कू करो. ते बी कू करे. नाव घेतलं त आपल्या माणसाच्या आधी दुसरंच आयकते अन् थेच ओ देते. मंग आपली हाक बसते, अन् त्याची सुरू होते."

"त्याची म्हणजे कोणाची?"

"मले काय माहीत! इचारत बसाले थांबलं होतं का कोणी?"

रिना दारात उभी राहून ऐकत होती. ती हसली. म्हणाली, "आई, मंग मी जंगलाकडं गेली अन् चुकली त अशीच करू ना? कूऽऽ!" आणि ओठांचा चंबू करून तिनं असा लांब, गोड आवाज काढला की आईलाही हसू आलं. मी मात्र हसलो नाही. आईवर विश्वास ठेवला असं नाही, पण नाव बदलायला काय जातं, एवढं मला समजत होतं.

त्याच संध्याकाळी लाइट असताना वायर लावून मोडेम उघडला आणि नाव बदललं. धान, एवढंच ठेवलं. वायर काढली. दोन सेकंदांत यादीत धान उगवलं, पाच रेघा, कुलपासकट. इतके दिवस डोकं फोडलं आणि दोन सेकंदांत झालं. रिनानं टाळी वाजवली. सुरेंद्रला फोन केला तर म्हणाला, "पाय, नावाचीच भानगड होती. चॅनलचं काही तरी असन." मी त्या रात्री शांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता लाइट गेली. धान गेलं. आणि रिना आलं, चार रेघा, स्वयंपाकघरात बसल्या बसल्या.

तेव्हा मला उमगलं की मी काय केलं होतं. आमच्या घरातून तिला मारली जाणारी हाक मी बंद केली होती. आता तिला बोलावणारं एकच कोणीतरी उरलं होतं.

५

मी ठरवलं की दुपारी तिला एकटं सोडायचं नाही. दोन दिवस बाराच्या आत घरी आलो. मागच्या दाराला कुलूप घातलं, आईला सांगितलं, रिनाला सांगितलं. रिना म्हणाली, मी काय लहान आहे का. पण तिचा चेहरा उतरला होता.

तिसऱ्या दिवशी केंद्रात कापणी निघाली. साहेब बांधीवर, मजूर बांधीवर, प्रत्येक वाणाची पेंढी वेगळी बांधायची. मला निघायला एक वाजला. सायकल मारत घरी आलो तर आई समोरच्या ओसरीत तांदूळ निवडत बसलेली.

"रिना कुठी?"

आई माझ्याकडे पाहतच राहिली. "म्हणजे? तूच त आत्ता हाक मारली तिले मागून. मी बी आयकली. तू हायेस म्हणून मीच कुलूप काढून देल्लं."

सूप तिच्या मांडीवरून खाली पडलं. मी आत धावलो. मागचं दार सताड उघडं होतं. लॅपटॉप टेबलावर होता, तो उचलला. लोक हसतील, पण ती कुठं आहे हे सांगू शकेल असं माझ्याजवळ तेवढं एकच होतं.

परसात चार रेघा होत्या. पाळीवर चढलो. समोर भर उन्हात तलाव चकाकत होता. खाली पाण्यावर डोंग्यात बसून उमाजी ढिवर जाळं झटकत होता. त्याच्याकडून आम्ही मासे घेतो, ओळखीचा माणूस.

"उमाजी भाऊ, आमची बाई पाह्यली का?"

"हो. पाळीनं पलीकडं गेली आत्ताच. म्या म्हटलं कुठी चाल्ली बाई, त म्हणे साहेब बलावून राह्यले." तो थांबला, माझ्याकडे नीट पाहू लागला. "तुमी त इकडून येऊन राह्यले."

मी पळत सुटलो. मागून तो ओरडला, "साहेब, नाव नका घेऊ! नाव घेऊन हाक नका मारू तिकडं!"

पाळ संपली. बांध्यांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे अरुंद बांधावर, उतरलो; पाय घसरून चिखलात जात होते. इथं कापणी व्हायची होती, धान कमरेएवढं, खाली पाणी. स्क्रीनवर पाच रेघा. आता यंत्र काही सांगणार नव्हतं. समोर जंगलाची कड होती, मोहाची झाडं आणि त्यांच्याखालचा काळोख. वारा नव्हता. मी कू करून पाहिली. माझ्या घशातून जो आवाज निघाला त्याची मलाच लाज वाटली. आयुष्यात कधी केली नव्हती. उत्तर आलं नाही. मी पुन्हा केली नाही. धीर धरून आणखी एकदा केली असती तर बरं झालं असतं.

त्याऐवजी मी सगळा जीव एकवटून ओरडलो, "रिनाऽऽ!"

"ओ," ती म्हणाली.

अगदी जवळून. झाडांच्या कडेला पाठमोरी उभी होती. तिचीच निळी साडी, तिचीच वेणी. मघाशी मी तिथंच पाहत होतो आणि तिथं कोणी नव्हतं, असं मला वाटलं. पण उन्हानं डोळे दिपले होते, माणूस घाबरला की त्याला समोरचंही दिसत नाही. ती वळली. हसली. मी धावत जाऊन तिचा हात धरला. मला रडू फुटलं, ते मी लपवलंही नाही.

"चल घरी," मी म्हणालो.

ती चालू लागली.

६

येताना ती काही बोलली नाही. उमाजी डोंगा काठाला लावून उभा होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आई परसातच थांबली होती. रिना तिच्यासमोरून गेली तेव्हा आईनं तिच्या खांद्याला लावायला हात उचलला आणि तसाच मागे घेतला. आई आत न येता बाहेरच उभी राहिली.

मी रिनाला टेबलाजवळच्या खुर्चीवर बसवलं, पाण्याचा पेला दिला. तिनं तो हातात धरून ठेवला. माझी पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती, चपलांतून पाणी गळत होतं. तिची पावलं कोरडी होती. साडीचा काठही कोरडा. धुऱ्यानं गेली असेल, मी मनात म्हटलं. धुऱ्यानं तर मीही गेलो होतो.

लॅपटॉप टेबलावर ठेवला. बंद करण्यासाठीच हात पुढे केला होता.

पाच रेघा.

निघताना परसात चार होत्या. जिथं जिथं मी हा खेळ केला, तिथं घराकडे आलं की रेघ कमी व्हायची. आता घराच्या आत पाच. मी लॅपटॉप उचलला, समोरच्या खोलीत नेला. चार झाल्या. परत तिच्या खुर्चीजवळ आणला. पाच.

ती माझ्याकडे पाहत होती. पेल्यातलं पाणी तेवढंच होतं.

आणि तेव्हा तलावापलीकडून आवाज आला.

कूऽऽ.

लांब, थकलेला. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, जरा उजवीकडून, वाट न सापडलेल्या माणसासारखा. कूऽऽ.

"प्रफुल!" आई बाहेरून ओरडली. तिचा आवाज फाटला होता. "आपली रिना होय थे! कू करून राह्यली! ये लवकर, ओ दे तिले!"

मी वळलो. लॅपटॉप टेबलावरच टाकला. मागच्या दारापर्यंत चार पावलं, मी ती टाकली, माझा हात चौकटीला लागला. बाहेरचं ऊन दिसत होतं, आई पाळीकडे धावताना दिसत होती. श्वास भरून घेतला, आता कू करायची, जमेल तशी, मोठ्यानं. ती जिवंत होती, वाट शोधत होती, आणि माझ्या एका आवाजावर घरी येणार होती.

"प्रफुल," खुर्चीतून ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून रिनानं माझं नाव कधीच घेतलं नव्हतं. हे मला माहीत होतं. त्या क्षणीही पक्कं माहीत होतं. पण तो आवाज तिचा होता, आणि त्या आवाजाला ओ द्यायची माझ्या जिभेला सवय होती.

"ओ," मी म्हणालो.

बाहेरची कू अर्ध्यातच थांबली.